दाजी, डावं चाक बसवलं

रविवार, सकाळ. फाल्गुन संपत आलेला. तुमचा तेरावा होऊन गेल्यानंतरचा हा पहिलाच रविवार.

हजर: आक्का. मी. तुमच्या कंपनीतले, मेंटेनन्सचे जाधव, हे मदतीला म्हणून आले आणि आक्काने त्यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवून ठेवलं. सोसायटीचा वॉचमन, येऊन-जाऊन. फोनवर थोडा वेळ तुमची लेक स्नेहल, बंगळूरहून.

गैरहजर: तुम्ही.

दाजी, तुमच्या गाडीचं डावं चाक आज बसवलं. हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि सांगायची दुसरी सोय राहिलेली नाही, म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेलात त्या दिवसापासून मी याद्याच करते आहे. कळवायचं कोणाकोणाला. आळंदीच्या घाटावर कोण कोण येणार, कोणत्या गाडीतून. तेराव्याला पानं किती. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती. बँक, पीएफ, विमा, गॅस, लाइटबिल. जिथे जिथे तुमचं नाव आहे तिथे तिथे ते काढून आक्काचं घालायचं. एवढी वर्षं एका माणसाचं नाव इतक्या ठिकाणी लागलेलं असतं हे ते काढायला गेल्यावरच कळतं. मी दमले आहे, दाजी. रडायचं यादीत घालायचं राहिलं, आणि जे यादीत नसतं ते माझ्या हातून होत नाही, हे तुम्हाला माहीतच आहे.

तुम्ही मला यादीबाई म्हणायचात. "ही आमच्या मरणाची बी यादी करंल," असं एकदा जेवताना म्हणालात. आक्का हातातला डाव घेऊन तुमच्या अंगावर आली होती. मी म्हटलं, "करीन की. तुम्ही फक्त आधी कळवा."

नाही कळवलंत.

त्या रविवारी तुम्ही सकाळपासून खाली पार्किंगमध्ये होता. पुढच्या दोन्ही चाकांचे ब्रेक पॅड बदलायचे होते. उजव्या बाजूचं झालं, चाक परत बसवलं. डावी बाजू जॅकवर उचललीत, खाली टेकूला लोखंडी घोडी लावलीत, चाक काढून ते गाडीखाली आडवं सरकवलंत. जॅक आणि घोडी दोन्ही दगा देतील तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही, हे तुम्ही मला पहिल्यांदा शिकवलं तेव्हा मी म्हटलं होतं, किती अविश्वास तो! तुम्ही म्हणालात, "अविश्वास न्हाई, सवय." पॅड धरणाऱ्या चिमट्याचा, कॅलिपरचा, खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर उचलून तारेने बांधलात, घासलेले पॅड काढून वर्तमानपत्रावर ठेवलेत. मग आक्काने खिडकीतून हाक मारली म्हणून चहाला वर गेलात. सोफ्यावर बसलात, "जरा पडतो," म्हणालात. आक्का ओरडली, "अहो, हात काळे हायेत, कव्हर कालच धुतलंय." चहा गाळून ती बाहेर आली तेव्हा तुम्ही ओरडा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता.

कव्हरवर तुमच्या हाताचा ग्रीसचा पंजा उमटला होता. मला वाटलं, आक्का ते कव्हर आता जपून ठेवणार. तिने ते तिसऱ्याच दिवशी ब्रशने घासून धुतलं. मी बघतच राहिले. ती म्हणाली, "त्यांना घाण खपायची न्हाई." आणि दोरीवर वाळत घातलं.

खालच्या गाडीला मात्र तिने कोणाला हात लावू दिला नाही. गाडी घोडीवर, एक पाय उचललेल्या बैलासारखी. तेराव्याला आलेले लोक तिला वळसा घालून लिफ्टकडे जात होते. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरींचा अदबशीर मेसेज आला, की दुःखात सहभागी आहोत, पण गाडी शक्य तितक्या लवकर रेषेच्या आत घ्यावी. स्नेहल जायच्या आदल्या दिवशी म्हणाली, "मावशी, मेकॅनिक बोलवून चाक बसव आणि विकून टाकू. आई थोडीच चालवणार आहे?"

ती हे आक्कासमोर बोलली. आक्का पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं नाही, पण पोळी लांबट झाली.

आता हे तुमच्याशीच बोलायला हवं, कारण हे भांडण तुमचं-माझं आहे आणि ते अर्ध्यात राहिलं आहे.

आक्काला लायसन मिळून वर्ष होऊन गेलं. तुम्हीच शिकवलंत तिला. सुट्टीच्या दिवशी एमआयडीसीतल्या मोकळ्या रस्त्यांवर, दोन्ही बाजूंना बंद फाटकं, मधे फक्त कुत्री. मी मागच्या सीटवर. तुम्ही म्हणायचात, "क्लच सोड. हळू. आगं, पोळी उलटतीस तसा सोड." आक्का म्हणायची, "पोळी उलटताना कुणी शेजारी बसून बोलत न्हाई." लायसन आलं त्या दिवशी तुम्ही पेढे वाटलेत, खालच्या वॉचमनलासुद्धा. आणि त्यानंतर तिला एकटीला एकदाही किल्ली दिली नाहीत.

"पॅड घासलेत," हे तुमचं उत्तर. "पॅड बदलतो, मग ने."

तिचं काम तुम्हाला माहीत होतं. मोशीतल्या खोल्यांमधून राहणाऱ्या पोरांचे डबे ती इतकी वर्षं रिक्षावाल्याच्या भरवशावर पाठवते. तो आला तर आला. मग चाकणच्या एका वर्कशॉपने विचारलं, आमच्या कामगारांचं दुपारचं जेवण द्याल का? रोजचं, बांधलेलं काम. त्यांची एकच अट होती, जेवण वेळेत आलं पाहिजे, गाडी तुमची पाहिजे. आक्काने मला विचारलं, मी हिशेब न मांडताच हो म्हटलं. तुम्हाला तिने विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "बघू. आधी पॅड."

तुम्ही मला रोज सकाळी चाकणला सोडायचात, माझी कंपनी तुमच्या अलीकडे म्हणून. त्या गाडीत आपण किती भांडलो असू! निवडणुका, तुमचं मीठ, माझं उशिरा जेवणं, स्नेहलचं लग्न. इंद्रायणीचा पूल ओलांडला की तुम्ही रेडिओ बंद करायचात, कारण पुढे सगळं लक्ष रस्त्यावर. चाकणच्या चौकात गाड्यांची रांग लागली की आपण मुंगीच्या पावलाने सरकायचो, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून बारीक आवाज यायचा. चीं. पॅड घासत आल्याची ती खूण, तुम्हीच सांगितलेली. पॅडला एक पत्रा असतो, तो चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला टेकला की ओरडतो.

मी म्हणायचे, "ऐका. आक्काचा अर्ज आला."

चीं.

"स्मरणपत्र आलं."

तुम्ही हसायचात आणि समोरच्या कंटेनरकडे बघत राहायचात. एकदा मात्र हसला नाहीत. संक्रांतीच्या सुमाराची गोष्ट. मी जरा जास्तच बोलले. म्हटलं, "दाजी, पॅड हे निमित्त आहे. तुमच्यासारख्या माणसाला दोन तासांचं काम, ते तुम्ही दसऱ्यापासून ओढताय. ब्रेकवर भरवसा नाही की आक्कावर?"

तुम्ही गिअर बदललात. मग म्हणालात, "ह्यो रस्ता बघतीस ना तू रोज? ते कंटेनर कसे येत्यात? माझ्या हाताखालची दोन माणसं ह्या रस्त्यानं खाल्ली. ती काय शिकाऊ न्हवती."

मी म्हटलं, "मग तुम्ही कसे जाता रोज?"

"मला जावंच लागतंय."

"तिलाही जावंसं वाटतंय."

तेवढ्यात माझं फाटक आलं. मी उतरले. दार जरा जोरात लागलं. संध्याकाळी घ्यायला आलात तेव्हा त्याबद्दल तुम्ही बोलला नाहीत, मीही नाही. आपण दोघांनी कांद्याच्या भावावर बोलून वेळ काढला. भांडण तिथेच आहे अजून. त्या फाटकापाशी.

तुमची बाजू मला कळत नव्हती असं नाही. भीती तुमची खरी होती. पण ती तुम्ही भीती म्हणून कधी तिला सांगितली नाहीत, पॅड म्हणून सांगितलीत. आणि आक्का खुळी, ती पॅडवर विश्वास ठेवून बसली, असं मला वाटत होतं.

दसऱ्याचं आता सांगते, कारण आज ते निघालं.

खंडेनवमीला तुमच्या कंपनीत मशीनची पूजा झाली की तुम्ही दुपारीच घरी यायचात, शर्टाला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. मी जेवायला आले होते. तुम्ही म्हणालात, दसऱ्याला गाडीची पूजा होईल ती नव्या पॅडची होऊ दे, आणि ताट वाढेपर्यंत खाली जाऊन डावं चाक उघडलंत. जुने पॅड काढून ठेवलेत, नवे वर्तमानपत्रावर मांडलेत, हात धुऊन वर आलात. आपण जेवत होतो तेवढ्यात आक्का पूजेचं ताट घेऊन खाली गेली. खंडेनवमी, हत्यारांची पूजा. घरची हत्यारं खालीच होती.

आपण उतरलो तेव्हा पूजा झाली होती. नट आवळायचे पाने, स्क्रूड्रायव्हर, पॅडला ढकलणारा पिस्टन मागे दाबायचा शिकंजा, सगळं ताटात ओळीने, प्रत्येकाला टिळा. चाक जिथे बसतं त्या उघड्या हबला झेंडूची माळ. आणि ती चकचकीत गोल डिस्क, तिला आक्काने पाचही बोटांनी हळद-कुंकू लावलं होतं. कोरडं पडतं म्हणून तेलात कालवून. नवे पॅड शेजारीच होते, तेही सुटले नव्हते. ज्या बाजूने डिस्कला धरायचं, नेमक्या त्याच बाजूला मधोमध टिळा.

मी तोंड उघडणार, तर तुम्ही माझ्या पायावर पाय दिलात.

"लई भारी," तुम्ही म्हणालात आणि हात जोडलेत.

आक्का म्हणाली, "हे चाकाचं तोंडच हाय ना? म्हणून तिथं लावलं. चाललं ना?"

"चाललं की. पळंल."

हत्यारं पूजेला लागली म्हणजे दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाहीत. म्हणून गाडी रात्रभर घोडीवरच राहिली, गळ्यात माळ घालून. येणारा-जाणारा विचारायचा, काय दाजी, नवीन मॉडेल का? दसऱ्याच्या दुपारी आक्का झोपल्यावर तुम्ही खाली जाऊन डिस्क थिनरने पुसलीत. पॅडने तेल प्यायलं होतं. तेल प्यायलेला पॅड पकडत नाही, तो गेलाच. तुम्ही जुनेच परत घातलेत. मी टॉर्च धरून उभी होते. म्हणालात, "तिला सांगायचं न्हाई. दुकानदारानं चुकीचे दिले म्हणून सांगू. तिनं मनानं लावलंय."

आक्काला तेच सांगितलंत. आणि मग नवे आणायचे राहिले ते राहिलेच. दिवाळी गेली, संक्रांत गेली.

पण त्या रविवारी तुम्ही शेवटी काम काढलंत. का, ते मला माहीत नाही. माझ्या बोलण्याने? स्नेहल होळीला येणार होती म्हणून? आवाजाला तुम्हीच कंटाळलात म्हणून? मी आक्काला विचारलं, "काही म्हणाले होते का?" ती म्हणाली, "म्हणाले, आज ब्रेकचं उरकतो. बस." एवढंच. तुम्ही मनातलं बोलणारे असता तर माझं काम सोपं झालं असतं.

वर्कशॉपवाल्याने फोन केला होता. चांगला माणूस आहे. म्हणाला, बाई, घरात असं झालंय, मी थांबतो, पण पाडव्यानंतर मला दुसरं कोणी तरी बघावं लागेल. आक्का "कळवते" म्हणाली. मला वाटलं आता ती नाही म्हणणार, गाडी विकणार, आणि रिक्षावाल्याची वाट बघत आयुष्य काढणार. काल रात्री तिने फोन केला. "मंदा, उद्या येतीस का? चाक बसवायचंय."

"मेकॅनिक सांगू?"

"मेकॅनिक कशाला? तू वाच, मी करते."

दाजी, ही तुमची पद्धत. कंपनीतली. एकाने कामाची पायरी मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने ती करायची आणि झाल्यावर "झालं" म्हणायचं. "झालं" ऐकू आल्याशिवाय पुढची वाचायची नाही. तुम्ही खाली गाडीशी आणि मी वही घेऊन स्टुलावर, असं आपण किती वेळा केलं. मी तुम्हाला म्हणायचे, तुम्हाला पाठ आहे, मला कशाला वाचायला लावता? तुम्ही म्हणायचात, "पाठ असलेल्याच कामात चूक होती."

सकाळी पोचले तर आक्का तयार. तुमचा जुना कंपनीचा शर्ट साडीवर घातलेला, बाह्या दुमडलेल्या. आणि जाधव उभे, बाही वर करून. त्यांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे.

"वहिनी, मी असताना तुम्ही कशाला हात काळे करता?"

"तुमी बसा," आक्का म्हणाली. वॉचमनची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर ठेवली. "चुकलं तर सांगा. न्हाई चुकलं तर गप बसा."

"पण वहिनी..."

"जाधव भाऊजी, बसताय का वर चहाला जाताय?"

जाधव बसले. माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "ताई, साहेब पण असंच बोलायचे."

डिस्कवर गंजाचा पातळ तांबूस थर आला होता. मी थबकले. जाधव खुर्चीतून म्हणाले, "त्याचं काय नाय, गाडी चालली की निघून जातो. उभ्या गाडीला येतोच." आक्काने बोट फिरवून बघितलं आणि बोट शर्टाला पुसलं. तुमच्या शर्टाला.

मी वाचायला लागले. माझा आवाज मलाच परका वाटत होता, कार्यालयातल्या माणसासारखा. घोडी घट्ट आहे का बघणे. "झालं." ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करणे. "झालं." जुना पॅड पिस्टनवर ठेवून शिकंजा लावणे, हळूहळू पिळणे, पिस्टन आत जाईपर्यंत. इथे तुम्ही दात-ओठ खायचात. आक्काने मूठ धरली आणि पिळत गेली, एका लयीत, कणीक तिंबावी तशी. जाधव पुढे झुकले. पिस्टन आत गेला.

"झालं. पुढं."

नवे पॅड खोक्यातून काढणे. घासणाऱ्या बाजूला हात न लावणे.

हे मी वाचलं आणि बोट त्याच ओळीवर ठेवलं. आक्काने पॅड कडेला धरून बाहेर काढला, उजेडात उलटा-सुलटा केला.

"कुंकू लावू का ह्याला?" ती म्हणाली.

मी वहीतून वर बघितलं. ती हसत नव्हती आणि हसतही होती.

"आक्का, तुला माहीत होतं?"

"मी काय आंधळी हाय? कचऱ्याच्या डब्यात दोन पॅड, त्याला माझंच कुंकू. केर मीच काढते की घरातला."

"मग बोलली का नाहीस?"

"इतकं मनानं खोटं बोलले होते ते. कशाला मोडायचं?" तिने पॅड जागेवर सरकवला, ठोकून बघितला. "आन् मला वाटलं, माझ्यामुळंच पॅड गेले, तर आता किल्ली कुठल्या तोंडानं मागू?"

वॉचमन फाटकाकडे निघून गेला.

दाजी, तुम्ही तिचं मन राखायला गप्प राहिलात. ती तुमचं मन राखायला गप्प राहिली. आणि गाडी दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत चाकणच्या चौकात चीं चीं करत राहिली आणि तो आवाज फक्त मी बोलून दाखवत होते. तुम्ही दोघं भेटलात की... भेटणार नाही, माहीत आहे. पण हे वाक्य माझ्या तोंडात येतंच.

पुढचं सरळ गेलं. कॅलिपर खाली, बोल्ट, घट्ट. जाधवांना राहवलं नाही, त्यांनी उठून पान्याला एकदा हात लावून बघितला आणि काही न बोलता परत बसले. उजव्या बाजूचंही सगळं तपासून घेतलं. ते तुम्ही केलेलं होतं, जाधव म्हणाले, "तिकडं काय बघायचंय? साहेबांनी केलंय." आक्का म्हणाली, "तरी बघा." तुम्हाला हे आवडलं असतं. चाक गाडीखालून ओढून काढलं, बसवलं, नट आवळले, घोडी काढली, गाडी चारी पायांवर उतरली. पार्किंग एकदम मोठं वाटलं.

मग ती पायरी जी तुम्ही मला प्रत्येक वेळी दोनदा वाचायला लावायचात. गाडी हलवण्याआधी ब्रेकचं पेडल दाबत राहणे, कडक लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेले असतात. पहिल्यांदा पाय थेट खाली जातो, जणू ब्रेकच नाही.

आक्का दार उघडून आत बसली. बसली आणि तशीच राहिली.

"काय झालं?"

"सीट."

तुम्ही उंच. तुम्ही बसायचात तेव्हा सीट पार मागे. आक्का शिकायला बसली की आधी पुढे ओढायची, आरसा खाली करायची, तुम्ही म्हणायचात, आमच्या बाईसाहेबांची सवारी निघाली. आता सीट पुढे होती. तिचे पाय नीट पेडलला टेकत होते. आरशात तिला मागचं फाटक दिसत होतं.

"शेवटी तूच बसली असशील," मी म्हटलं.

"दिवाळीपासून मी बसलेच न्हाई."

"स्नेहल बसली असेल."

"ती कशाला बसंल? गाडी उचललेली."

जाधव म्हणाले, पायाशी काही पडलं असेल, ते शोधायला सीट हलवतात कधी कधी. तसंही असेल. मागून काही काढायला तुम्ही ती पुढे घेतली असेल. किंवा दोन्ही चाकं झाली की आक्काला खाली बोलावून म्हणणार होतात, बस. मी प्रॅक्टिकल बाई आहे. मी सगळ्या शक्यता मांडून बघितल्या. एकही खोडता आली नाही, एकीवरही खूण करता आली नाही. दोन वाक्यं बोलला असतात तर, दाजी! एवढी वर्षं माझ्याशी रस्ताभर बोललात आणि हेच ठेवलंत.

"दाब," मी म्हटलं.

तिने पाय दाबला. पाय खाली गेला, तळापर्यंत. तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात तेरा दिवस होते.

"परत दाब."

परत खाली. परत. मग म्हणाली, "थोडं लागलं." परत दाबलं. "लागलं." आणखी दाबलं. पाय थांबला. ती तशीच पायावर भार देऊन बसली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, डोळे समोरच्या भिंतीवर.

"आलं," ती म्हणाली. मग आठवून, "झालं."

मी रडले, दाजी. पार्किंगमध्ये, वॉचमनसमोर, हातात वही घेऊन. जाधव कसलंसं निमित्त काढून पाण्याच्या टाकीकडे गेले. आक्का गाडीतून उतरली नाही. म्हणाली, "रडून घे. मी ब्रेक धरलाय."

स्नेहलचा फोन आला. चाक बसलं ऐकून म्हणाली, "वा! मग फोटो काढून ठेव मावशी, विकायला टाकू." मी म्हटलं, तुझ्या आईला विचार. आक्का फोनवर फक्त म्हणाली, "एवढ्यात न्हाई." आणि फोन माझ्याकडे दिला.

आता एक पायरी राहिली आहे. नवे पॅड बसवले म्हणजे काम संपत नाही, हे तुमचंच. मोकळ्या रस्त्यावर गाडी न्यायची, थोडा वेग घ्यायचा, हळू ब्रेक दाबून कमी करायचा, पुन्हा घ्यायचा, पुन्हा कमी करायचा, आणि असं करत करत पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखायला लागतात. त्याशिवाय नवा पॅड पूर्ण पकडत नाही. डिस्कवरचा गंजही त्यातच जाईल. जाधव किल्ली मागायला पुढे झाले, "मी आणतो वहिनी, एक चक्कर मारून." आक्काने किल्ली मुठीत घेतली आणि दिली नाही.

मी वही पुन्हा उघडली. उभी राहून, मोठ्याने, तुम्ही सांगाल तसं वाचलं: गाडी मोकळ्या रस्त्यावर नेऊन पॅड बसवून घेणे.

आक्का ड्रायव्हरच्या सीटवर, दार उघडं, एक पाय बाहेर. फाटकापलीकडे रस्त्यावरून एक कंटेनर गेला, खिडक्या हलल्या. तिने माझ्याकडे बघितलं. मी थांबले. "झालं" ऐकू आल्याशिवाय पुढचं वाचायचं नाही.

हे लिहिताना किल्ली अजून तिच्याच मुठीत आहे. मी अजून थांबले आहे.